अकरावी खूण

खूण नऊ: जिवंत प्रवाळ, मासे भरपूर.

खूण दहा: पुन्हा तेच.

खूण अकरा: इथे मी तळाच्या पाहणीचा तक्ता लिहायची थांबले. कॅमेरा पाण्यात सोडायच्या आधी नकाशा पाहिला, तर होडी त्यावरच्या खुणेपासून दोनशे मीटर लांब होती. सुकाणूवर माझे चुलत आजोबा, म्बो लासाका; म्बो म्हणजे आमच्याकडे आजोबा.

“म्बो, इकडे कुठे?”

“इथला तळ देखणा आहे. पाहुण्याला कुणी उकिरडा दाखवतं का?”

“खुणा चिठ्ठ्या टाकून काढल्यात. आपण चांगलंच निवडून दाखवलं, तर सरकार आपला अर्ज फेटाळेल. मग आपल्या पाण्यात बाहेरच्यांना मासेमारी बंद कशी होणार?”

त्यांनी इंजिन बंद केलं.

“तिथे मी मासे मारायला बाँब टाकला होता. तुझ्या बापाच्या लग्नाला मासे कमी पडत होते.”

“म्हणजे वऱ्हाडानं खाल्लं, आणि उकिरडा तुमचा एकट्याचा?”

ते हसले नाहीत. “गावाच्या सभेत पडद्यावर दिसेल?”

“तळ दिसेल. बाँब कुणी टाकला ते दिसत नाही.”

त्यांनी इंजिन पुन्हा सुरू केलं. मग होडी खुणेवर नेली आणि कॅमेऱ्याचा दोर स्वतःच सोडला. होडीतल्या छोट्या पडद्यावर राखाडी चुरा पसरला होता. एकही मासा नव्हता.

खूण अकरा: तुटलेलं प्रवाळ, शंभर टक्के.

“माझं नाव लिही,” म्बो म्हणाले. “नाहीतर पोरांना वाटेल, दर्या मुळातच असा होता.”

तक्त्यात नावासाठी रकाना नव्हता. मी ते शेऱ्यात लिहिलं.