राहिलेली दोन वळणं

माझं वय विचारू नका, ते माझा गंजच सांगतो. पण मित्रांनो, मी साधीसुधी सायकल नाही. मी जोडसायकल आहे! दोन सीट, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या आणि त्या जोड्यांना एकत्र बांधणारी साखळी. एकाने पेडल मारलं की दुसऱ्याचंही आपोआप फिरतं. त्यामुळे कोण खरा जोर लावतंय आणि कोण नुसते पाय फिरवतंय, हे बघणाऱ्याला कधीच कळत नाही. मला मात्र बरोबर कळतं.

एका मिस्त्रीने दोन मोडक्या सायकली कापून, जोडून मला तयार केलं. माझं तारुण्य तळ्याकाठच्या एका बागेत गेलं. नवी जोडपी मला भाड्याने घ्यायची, पहिल्याच वळणावर झुडपात घुसायची आणि पोट धरधरून हसायची. काय लाड होते तेव्हा माझे! मग तळ्यात बदकाच्या आकाराच्या बोटी आल्या आणि मला कुत्रंही विचारेना. बागेच्या मालकाने मला अंध मुलांच्या शाळेला देणगी म्हणून दिलं, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि निघून गेला. शाळेने मला अडगळीच्या खोलीत टाकलं.

तिथे मी ताईला सापडले. ताई म्हणजे शाळेतली सगळ्यात मोठी मुलगी. लहान मुलं तिला ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणते. ती खराटा शोधायला आली होती. तिचा हात माझ्या एका सीटवरून दुसऱ्या सीटवर गेला आणि ती किंचाळलीच, "अगं बाई! ही तर दोघांची आहे!"

शाळेच्या मदतीसाठी दरवर्षी सायकलस्वारांचा एक गट दूरवरून निघायचा, गावोगावी थांबत निधी गोळा करायचा आणि शेवटी घाट ओलांडून शाळेच्या सभागृहात पोहोचायचा. आदल्या वर्षी त्यांनी ताईला टेम्पोत बसवून झेंडा हलवायला लावलं होतं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. "यंदा टेम्पोत पाय ठेवणार नाही," तिने लहान मुलांना सांगून टाकलं. "घाट मी चढणार. अख्खा!" पुढच्या सीटवर बसायला तिचे सख्खे काका तयार झाले.

सगळ्यांना सारखे शर्ट मिळाले. ताईने पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काका, काय लिहिलंय हो?"

"असंच गं, काहीतरी चांगलं."

लिहिलं होतं, 'ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी'. आणि तोच शर्ट तिच्याही अंगात!

मला तेलपाणी करून घाटापलीकडे नेलं आणि आम्ही गटात सामील झालो. सपाटीवर काकांचा उत्साह बघण्यासारखा होता. घाट लागला आणि त्यांची हवा गेली. ते पेडलवर नुसते पाय ठेवून बसले. माझ्यावरचा सगळा जोर मागून येत होता. रस्त्याकडेचे लोक ओरडायचे, "वा काका! एवढं ओझं घेऊन चढताय!" काका हात हलवायचे.

"काका," मागून धापा टाकत आवाज आला, "त्या ओझ्याला जरा हातभार लावा की!"

ती थांबली नाही. घामाने तिचे हात माझ्या हँडलवरून निसटत होते, पण ती गाणं म्हणत होती, तेही बेसूर! मला वाटलं, मी पुन्हा तरुण झाले.

तेवढ्यात गटाचे प्रमुख टेम्पो घेऊन आले. येताजाता शिट्टी फुंकायचे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत.

"पाहुणे येऊन बसलेत. बाकीचे पोहोचलेसुद्धा. चला, बसा टेम्पोत!"

"सर, थोडंच राहिलं असेल ना?" ताई म्हणाली. "काका, किती वळणं राहिली?"

मित्रांनो, घाटमाथा समोर दिसत होता. माथ्यावरचा पांढरा फलकही दिसत होता. दोन वळणं, फक्त दोन! काकांनी वर पाहिलं, शिट्टीसरांकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "अगं, अजून पुष्कळ आहेत. संध्याकाळ होईल."

मला तोंड असतं तर!

ताईने माझ्या हँडलवरचा हात सावकाश काढला. मला टेम्पोत आडवं टाकलं. शेजारी ती बसली, समोर काका. टेम्पो एकदा वळला आणि ती एका बाजूला झुकली. पुन्हा वळला, ती दुसऱ्या बाजूला झुकली. मग इंजिनचा आवाज हलका झाला. उतार लागला.

"दोनच होती," ती म्हणाली.

"तुझ्याच भल्यासाठी गं, पोरी."

"तुम्हाला मी डोळे म्हणून पुढे बसवलं होतं, काका."

शाळेच्या फाटकाच्या अलीकडे आम्हाला उतरवलं. फोटोपुरतं चालवत आत जायचं होतं. ताई बसली, पण तिने पाय पेडलवर ठेवलेच नाहीत. पहिल्यांदाच काकांनी एकट्याने मला ओढलं आणि एवढ्याशा अंतरात त्यांची दमछाक झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, घाटाचाच थकवा.

मला व्यासपीठावर उभं केलं. काकांना पदक, ताईला पदक. शिट्टीसरांनी तिच्या हातात माइक दिला. ती सरळ म्हणाली, "मी घाट चढले नाही. दोन वळणं राहिली."

मग शिट्टीसर हसले, "बघा, किती विनयी पोरगी आहे!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या रांगेतली लहान मुलंही जोरजोरात ओरडली, "ताई घाट चढली!" तिने पुन्हा तोंड उघडलं, पण माइक कोणीतरी काढून घेतला होता.

आज मी त्याच सभागृहात भिंतीवर टांगलेली आहे. खाली पाटी आहे, 'काका-पुतणीने घाट सर केला'. पाटी रंगाने रंगवलेली आहे. शाळेतल्या एकाही मुलाला ती वाचता येत नाही, हे किती सोयीचं! पुन्हा घाट चढायचं ताईने पुढच्या वर्षी विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही विचारलं. "बघू," शिट्टीसर म्हणाले. काकांचे गुडघे दुखतात म्हणे. मग तिने विचारणंच सोडलं.

मित्रांनो, मला तेल नका घालू, माझी धूळही नका पुसू. पण तुमच्या भरवशावर कोणी मागे बसलं असेल आणि त्याने किती राहिलं असं विचारलं, तर जेवढं राहिलंय तेवढंच सांगा. चढायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल.