दोन नागल्यांचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. आज तुम्ही मला पाहिलंत तर चाळणी समजाल, आणि तुमची काही चूक नाही. माझं कातडं मधोमध उसवलं आहे, कडेला उंदरांनी हात मारला आहे, आणि जामसरच्या वाटेवरच्या एका कुडाच्या घरात मी मेढीच्या खांबाला टांगलेला आहे. कोणी मला काढत नाही, कोणी फेकतही नाही.

माझी कड शिवणीच्या लाकडाची. शिवण हलकी, खांद्याला भार होत नाही. कातडं एका बकरीचं. ती बकरी जिवंत असताना दुसऱ्यांच्या शेतात शिरण्यात पटाईत होती म्हणे. माझ्या मालकाची बायको गोदी नेहमी म्हणायची की, नको तिथं तोंड घालायची खोड त्या बकरीकडून माझ्यात आली आणि माझ्यातून तिच्या नवऱ्यात.

तिचा नवरा म्हणजे जिव्या. त्याचं काम दवंडीचं. जव्हारच्या कचेरीतून हुकूम निघाला की कारकून तो वाचून दाखवी. जिव्याला अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. मग मला शेकोटीवर धरून ताठ करी, खांद्याला अडकवी आणि जामसरपासून दाभोशापर्यंत पाड्यापाड्यांवर सांगत फिरे. कागदातली भाषा पाड्यावर कोणाला कळायची नाही. म्हणून तो ती आपल्या बोलीत ओतून सांगे. ती त्याची हुशारी होती, आणि तीच पुढं त्याच्या गळ्याशी आली.

आमच्या भागात एक रीत होती. डफावर बोललेला शब्द बोलणाऱ्याचा. पाड्यावरच्या माणसांनी कचेरी पाहिलेली नसे, कागद पाहिलेला नसे. त्यांना दिसे तो जिव्या. तेव्हा जे सांगितलं ते खरं करून दाखवायची जोखीम जिव्याची. एकदा एकाची म्हैस हरवली. आणून देईल त्याला टोपलीभर भात, अशी दवंडी आम्ही दिली. म्हैस मिळाली आणि मालकानं हात वर केले. जिव्यानं आपल्या कणगीतून टोपली भरून दिली. गोदी चार दिवस बोलत होती की बोलतो हा आणि दंड भरते माझी कणगी. पण त्यानंतर आमच्या आवाजाला जो मान आला, तो कचेरीच्या शिक्क्यालाही नव्हता.

मला एक सवय होती. मी दारं मोजत असे. पाड्यात शिरून थाप दिली की किती दारं उघडतात, हा माझा हिशेब. दाभोशाच्या पाड्यावर बावीस घरं. म्हशीच्या वर्षानंतर बावीसच्या बावीस उघडत.

मग चौदा सालच्या पावसाळ्यात सरकारची लढाई लागली. सरकार म्हणजे जव्हारच्याही वरचं, समुद्रापलीकडचं. कोणाशी लागली, कशासाठी लागली, ते कारकुनालाही नीट सांगता येईना. पहिली दवंडी साधी होती: सरकारला यश यावं म्हणून देवाला नारळ वाहा. लोकांनी वाहिला. खोबरं पोरांनी खाल्लं. लढाई त्यावर भागेल असं सगळ्यांना वाटलं.

लढाई भागली नाही, वाढतच गेली. पुढच्या दवंडीत सरकारला गवत हवं झालं, फौजेच्या खेचरांसाठी. डोंगरउतारावरचं गवत कापून, दाबून, गासड्या बांधून खाली गेलं आणि आमची गुरं उन्हाळ्यात झाडपाला चघळत उभी राहिली. मग हिरडा हवा झाला, फौजेच्या बुटांचं कातडं कमवायला. बायकांनी रानं झाडून काढली. मग लाकूड. जे खाली जाई ते ढिगानं जाई, आणि खालून वर येणारं मीठ, घासलेट, लुगडं मात्र चिमटीनं येऊ लागलं. जव्हारच्या बाजारातला शेटजी माझा आवाज ऐकला की आधी मिठाची पोती आत ओढी आणि मग बाहेर येऊन मोठ्या भक्तिभावानं हुकूम ऐके. हुकूम संपेपर्यंत त्याचं मीठ महाग झालेलं असे. गोदी अंबिलीत मीठ घालायची ते बोटानं मोजून. सोळा सालापर्यंत दाभोशाची बावीस दारं पंधरावर आली.

त्याच उन्हाळ्यात माणसांची दवंडी आली. बसरा नावाच्या बंदरावर ओझी उतरवायला पगारी मजूर हवे होते. कारकुनानं वाचलं: घरातल्या कर्त्या पुरुषानं जव्हारला यावं, नाव लिहून घेतलं जाईल, काम संपेपर्यंत राहावं लागेल. जिव्यानं विचारलं, काम संपेपर्यंत म्हणजे किती. कारकून हसला. म्हणाला, वर्ष म्हण, दोन वर्षं म्हण, तुला काय करायचंय.

पाड्यावर वर्ष कोणी मोजत नसे. पिकं मोजत; एक नागली म्हणजे नाचणीचं एक पीक. तेव्हा दाभोशाला जिव्यानं मला थाप दिली आणि सांगितलं, "दोन नागल्या निघायच्या आत माणूस घरी येईल."

हे कागदात नव्हतं. मित्रांनो, मी त्याच्या छातीला टेकलेला होतो. तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. त्याला ते खरंच वाटत होतं.

समोर लक्ष्या उभा होता. सोम्याचा एकुलता एक, अंगानं दणकट. त्याची बायको सुकी दारात होती, कडेवर चैती, दोन वर्षांची. सुकीच्या अंगावरचं लुगडं इतकं जागोजाग गाठी मारलेलं होतं की मूळ कापड कुठलं ते ओळखू येत नव्हतं. लक्ष्या ते लुगडं बघत होता. मग पुढं आला आणि माझ्या कातड्यावर हात ठेवला.

"जिवूदादा, हे तू डफावर बोललास."

"बोललो," जिव्या म्हणाला.

"मग मी जातो."

त्याच्यामागं आणखी सहा जण उठले. त्यांनी अंगठे उमटवले, गाडीत बसले, आणि गाडी घाटाखाली उतरली.

आमच्याकडे नवी नागली निघाली की पहिलं कणीस दाराच्या चौकटीला बांधतात. त्या वर्षी सुकीनं एक बांधलं. पुढच्या वर्षी दुसरं बांधलं. दुसरं बांधलं त्या दिवसापासून जिव्या दाभोशाला जायचं टाळू लागला. त्यानं कारकुनाला विचारलं होतं. कारकून म्हणाला, लढाई वाढली, मुदत वाढली, वरून तसं आलंय. हे पाड्यावर जाऊन सांगायला हवं होतं. जिव्या रोज सकाळी मला खांद्याला अडकवी आणि जामसरच्या बाजूला वळे.

शेवटी सुकीच चालत आमच्या घरी आली. भांडली नाही. तिनं विचारलं, "दादा, दुसरी नागली खाऊनपण झाली. माणूस कठं हाय?"

जिव्या म्हणाला, येईल. अजून एक नागली बघू. या वेळी तो मेढीकडे पाठ करून बोलला, आणि मी मेढीला होतो.

पण तिसरी नागली आलीच नाही. अठरा सालचा पाऊस मधेच गेला तो फिरकला नाही. रोपं वीतभर झाली आणि वाळली. आणि पाठोपाठ मानमोडीचा ताप आला. सकाळी पाण्याला गेलेली बाई संध्याकाळी खांद्यावर जायची. खांदा द्यायला चार माणसं जमेनात. लोक म्हणत हा तापही लढाईवरून बोटीनं आला. तेवढी एक गोष्ट मात्र आमच्यापर्यंत लवकर पोचली.

अशात जव्हारला धान्याचं कोठार उघडलं. कुटुंबागणिक नागली मिळणार होती, आठ दिवस. इतक्या वर्षांत काही मागणारी नव्हे, देणारी दवंडी पहिल्यांदा आली होती. जिव्यानं मला दोनदा शेकला. गोदी म्हणाली, कातडं जाळशील. तो हसला. किती दिवसांनी हसला ते मला आठवत नाही.

कारकुनानं कागद वाचला: घरातल्या कर्त्या पुरुषानं जव्हारला यावं, नाव लिहून घेतलं जाईल.

पुढं नागलीचं होतं, पण आधीचे शब्द तेच होते. कचेरीत असे शब्द एकदाच बनवून ठेवतात आणि सगळीकडे वापरतात. या वेळी जिव्यानं आपल्या बोलीत काही ओतलं नाही. एकदा पोळला होता. कागदात होतं तेवढंच, तसंच, दाभोशाच्या पाड्यावर सांगितलं.

एकही दार उघडलं नाही.

मी पुन्हा वाजलो. कुडामागं कुजबुज झाली. मग मागच्या अंगानं पावलं धावली, रानाकडं. लक्ष्याचा म्हातारा बाप सोम्या तेवढा अंगणात बसून होता, कारण त्याच्यानं पळवत नव्हतं. तो म्हणाला, "मागल्या खेपेला हेच बोललास. सात जण गेले. आता नागलीचं नाव सांगतोस."

जिव्यानं सांगून पाहिलं. शपथ घातली, आईची घातली, गळ्याची शीर फुगेस्तोवर सांगितलं की गाडी नाही, बसरा नाही, नुसती नागली आहे. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला, साप टोपलीत आहे की बाहेर हे बघावं तसा. जिव्यानं मग मला इतक्या जोरानं बडवलं की मधोमध चरचर झाली. ही चीर तेव्हाची.

आठ दिवस तो कोठाराच्या दाराशी उभा राहून वाट बघत होता. जामसरचे आले, इकडचे तिकडचे आले. दाभोशाचं कोणी आलं नाही. कोठार बंद झालं. त्या संध्याकाळी तो घरी येऊन बसला. गोदीनं आपल्या वाट्याची नागली टोपलीत भरली, आणि चुंबळ पुढं ठेवली. जन्मभर टोमणे मारत आलेली बाई गप्प राहिली, हे मला त्या तापापेक्षा भयंकर वाटलं.

उजाडताच तो निघाला. डोक्यावर टोपली, खांद्याला मी. मला का घेतलं ते त्याचं त्याला ठाऊक नसावं.

सुकी दारात बसली होती. ताप उतरून गेला होता आणि ती राहिली होती. मी सवयीनं चौकटीकडं बघितलं. दोन कणसं तिथं नव्हती. नुसते दोरे होते.

जिव्यानं टोपली उतरवली. चैती कुठं आहे, असं विचारलं. सुकीनं नदीच्या बाजूला मान केली, जिथं पाड्यावरची लहान पोरं पुरतात. तीन दिवस झाले होते. तापानं नाही, ती म्हणाली, ताप तर उतरला होता. कणसं चोळून त्यांची पेज पाजली, त्यावर दोन दिवस निघाले.

मग सुकीनं टोपलीत हात घातला आणि मूठभर नागली उचलून बघितली.

"या खेपेला खरं बोलला होतास, दादा?"

"खरं."

"मना कसं कळावं?"

जिव्यानं टोपली तिथंच ठेवली, चुंबळ उचलली आणि वाटेला लागला.

घरी येऊन त्यानं मला मेढीला टांगलं. चार-सहा दिवसांनी कचेरीचा माणूस बोलवायला आला: लढाई जिंकली, दिवे लावायची दवंडी द्यायची आहे. जिव्यानं माझी चीर दाखवली. नवं कातडं चढवायला एक सकाळ पुरली असती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. ती दवंडी दुसऱ्याच्या डफानं दिली. दिव्यात घालायला घासलेट कोणाकडे नव्हतं. त्या सातांतले दोघं पुढं परत आले. लक्ष्या आला नाही. त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुना डफ असेल तर त्याला उंदरांपासून जपा, पावसाळ्यात अधूनमधून शेकत जा. आणि त्यावर चार लोकांना काही सांगायची वेळ आली, तर मला आत्ता जमलं तेवढं करा. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणा. जिव्यानं एकदाच तसं म्हणायला हवं होतं. म्हणाला असता तर लक्ष्या कदाचित गेला असता, कदाचित राहिला असता. पण नागलीच्या दिवशी ती पंधरा दारं तरी उघडली असती, आणि मी ती मोजली असती.