तिसऱ्यात अडकलेली गाडी

जळगावच्या एमआयडीसीतल्या निंबा आबांच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं केळी वाहायच्या ट्रॉल्याच बनत आल्या होत्या. तिथं स्पोर्ट्स कार बनेल असं कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. पण धुळ्याच्या प्रेमराजशेठना तशी हौस आली आणि आबांचा मुलगा हितेंद्र वेल्डिंगमध्ये वाकबगार. त्यानं पाइपांची चौकट उभी केली, वर फायबरची बॉडी चढवली, आणि जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी दोन सीटांची लालभडक गाडी तयार झाली.

घोडं अडलं ते गिअरपाशी. इंजिन आणि गिअरबॉक्स सीटांच्या मागं, दांडा पुढं, आणि दोघांना जोडणाऱ्या दोन केबली. एक दांड्याची डावी-उजवी हालचाल मागं पोचवायची, दुसरी पुढची-मागची. हितेंद्रच्या हातून त्या काही लागेनात. पहिला टाकावा तर तिसरा पडे.

लावल्या त्याच्या बायकोनं, ज्योत्स्नानं. तिचा मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि लग्न झाल्यापासून पाच वर्षं ती या वर्कशॉपमध्येच होती. फेब्रुवारीत तिला नाशिकच्या एका कारखान्याचं नोकरीचं पत्र आलं. हितेंद्र खूश झाला, निदान तसं म्हणाला तरी. आबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"गाडी व्हई जाऊ दे, मंग दखूत," ते म्हणाले. "तुना बिगर गेर कोन लाई?"

गाडी झाल्यावर पाहू, तुझ्याशिवाय गिअर कोण लावणार, यात रागावण्यासारखं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. आबा कधी आवाज चढवत नसत. आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "ही आमनी इंजिनेर." अशा माणसाशी भांडायचं कसं? मार्च तसाच गेला. शेठना सीट खाली हवी झाली, मग दांडा आखूड हवा झाला. दर बदलाला केबली पुन्हा नव्यानं. ज्योत्स्ना गाडीखाली उताणी पडे आणि वीतभर वर असलेल्या लोखंडाकडे बघत राही. कारखान्यानं तारीख एकदा वाढवून दिली होती. ती तारीखही एप्रिलच्या मध्याला उलटून गेली होती, आणि पुन्हा फोन करायची तिची हिंमत होत नव्हती.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी दोघं गाडी पोचवायला धुळ्याकडे निघाले. काही बिघडलं तर जवळ असावी म्हणून ज्योत्स्ना शेजारी. तिच्या बाजूचं दार आतून उघडायची कडी अजून बसली नव्हती, बाहेरूनच कुणीतरी उघडायचं. पारोळा मागं पडलं आणि दांडा हितेंद्रच्या हातात एकदम लुळा पडला. गिअरबॉक्स मात्र तिसऱ्यातच राहिला. त्यानं कशीबशी गाडी एका कडुनिंबाखाली आणून थांबवली.

"केबलचं टोक निसटलं," ज्योत्स्ना म्हणाली. "सीटखालचं वळण फार आवळलंय, म्हणाले होते मी."

हितेंद्र उतरला, वळसा घालून तिच्या दाराशी आला. "चल, उतर लवकर."

दिवसचे दिवस त्या लोखंडाखाली पडून तिला जे सुचलं नव्हतं, ते त्याचा हात कडीवर पडताना सुचलं.

"दार राहू द्या. दांडा मी धरते, मागचं तुम्ही करा."

"डोकं फिरलं का तुझं? ऊन बघ."

"सांगते तसं करा."

तो चरफडत मागं गेला. आत भट्टी तापली होती. ज्योत्स्नानं दांडा मधोमध उभा धरला आणि सीटमागच्या फटीतून त्याच्या हातांकडे मान वळवली. "आधी गिअरबॉक्सची पट्टी न्यूट्रलला आणा. आणली? आता केबलचं टोक पट्टीवरच्या त्या लोखंडी गोळीवर जोर न लावता बसलं पाहिजे. ओढून बसवू नका."

ती पुढचं सांगणार, तेवढ्यात हितेंद्रनं टोक हातात घेऊन दोन आटे मागं फिरवलं होतं. गोळीवर टेकवून पाहिलं, अर्धा आटा पुढं घेतलं, बसवलं. मग नट आवळताना टोक फिरू नये म्हणून त्यानं दुसऱ्या पान्यानं ते धरून ठेवलं. हे तिनं आज सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला येतं," ती म्हणाली.

पान्याचा आवाज थांबला.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"तू पहिल्यांदा लावलंस तेव्हाच कळलं होतं." तो फटीकडे न बघता बोलला. "तू गेलीस की मी त्या शेडमध्ये आबांसोबत एकटा. जन्मभर ट्रॉल्या. मला वाटलं, जितके दिवस जातील तितके जावोत."

तिच्या हातातला दांडा ओला झाला होता. बाहेर पडावं, चालत सुटावं असं वाटलं. पण दार तर त्यानंच उघडायचं होतं. ती बसून राहिली. पुढचे तीस-पस्तीस किलोमीटर गिअर लोण्यासारखे पडत होते.

प्रेमराजशेठ गाडीवर फिदा झाले. त्यांनी तिथूनच आबांना फोन लावला, आणखी एक गाडी सांगितली आणि फोन हितेंद्रकडे दिला. "सुनबाईले सांग," आबांचा आवाज मोठ्यानं ऐकू आला, "आखो एक कराणी शे."

हितेंद्रनं बायकोकडे पाहिलं. ज्योत्स्नानं त्याच्या हातून फोन घेतला.

"आबा, यांना गिअर लावता येतो. आज यांनीच लावला."

पलीकडे ग्राइंडरची घरघर चालू होती.

"माले माहीत शे, बेटा," आबा म्हणाले.

तिनं फोन परत दिला. बाहेर गेटपाशी जाऊन कारखान्याचा नंबर लावला. जागा भरली होती. जुलैत नवी तुकडी घेणार होते, पण शिकाऊ म्हणून, सहा महिने. "चालेल, नाव लिहा," ती म्हणाली. कुणाला विचारायला ती मागं वळली नाही.

दुपारी दोघं एसटीनं जळगावला परत निघाले. वाटेत मुकटी गावाच्या आसपास हितेंद्र म्हणाला, "जुलैत सोडायला मी येईन."

ज्योत्स्ना खिडकीबाहेर बघत होती. एप्रिलचे अजून बारा दिवस, मे, जून. तेवढे दिवस त्याच घरात, त्याच शेडमध्ये काढायचे होते. आणि उद्या सकाळी आबा चहा मागतील तेव्हा त्यांच्याकडे कसं बघायचं, हे तिला कळत नव्हतं.