माझा सहावा पाय

मी एक जुनी, लांब पायांची हिरवी माशी आहे. घरात घोंघावणारी नव्हे हं, मित्रांनो. मी तांदळाच्या दाण्याएवढी, पण अंग असे चकचकीत की पानावर धातूचा कण पडल्यासारखे वाटावे. तळ्याकाठच्या चिखलात मी वाढले. पंख फुटल्यावर पानापानांवर धावून माव्याचे किडे टिपले. एके सकाळी जाळी पडली आणि धावपळ संपली.

संग्रहालयात मला कागदाच्या इवल्या त्रिकोणावर चिकटवून टाचणीवर चढवले. सुरुवातीला मुले भिंगातून पाहून हरखत. पुढे माझी पेटी खालच्या खणात गेली आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षे सरली.

पेट्या सांभाळायला एक काका होते. हात हलका, पण स्वभाव भित्रा. एकदा धूळ झटकताना त्यांचा ब्रश लागला आणि माझ्या मागच्या पायाचा भुगा झाला. आदल्याच आठवड्यात एका फुलपाखराचा पंख मोडला म्हणून साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापले होते. काकांनी इकडेतिकडे पाहिले. पेटीच्या कोपऱ्यात गळून पडलेल्या काही माश्या होत्या. त्यांतल्या एकीचा पाय चिमट्याने उचलून त्यांनी मला बेमालूम चिकटवला. त्या पायावर काळ्या केसांचा झुपका होता.

अकरा वर्षांनी एक संशोधक ताई आल्या. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि माझा मागचा पाय पुन्हा पुन्हा पाहिला.

"काका, असा पाय या जातीत कुणाचाच नाही. ही नवी जात आहे."

काका चहा आणायला वळले. ताईंनी आठ दिवस माझी चित्रे काढली आणि लेख धाडला. साहेब काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इतकी वर्षं जपलीत, शाबास." काकांनी मान खाली घातली. आणि मी? खरे सांगते, मला ते कौतुक गोड लागले. उसन्या पायावर मी मिरवत होते. आज आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, तो पाय तिचा नाही. मी लावलाय."

ताईंनी भिंगातून पुन्हा पाहिले. डिंकाचा थेंब सापडला.

"मी आईला फोन करून सांगितलं हो, काका. आठ दिवस रोज मला चहा देत होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"धीर झाला नाही. चुकलं माझं."

ताईंनी लेख परत मागवण्याचे पत्र लिहिले. मग एक कोरी चिठ्ठी काकांपुढे सरकवली. काकांनी लिहिले, "मागचा उजवा पाय दुसऱ्या माशीचा. माझ्या हातून मोडला, मीच लावला." खाली सही केली. ती चिठ्ठी आता माझ्याच टाचणीला आहे.

ताई काकांवर ओरडल्या नाहीत. पण त्या दिवशी काकांनी आणलेला चहा तसाच निवून गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून हाताळा. तरीही काही मोडलेच, तर त्याच दिवशी सांगा. त्या दिवशी फक्त माझा पाय मोडला होता.