तुवाच्या रक्तातलं आम्ल

माझा भाऊ इंगेमार बोलतो कमी आणि मोजतो फार. बर्फाळ उत्तरेतल्या आमच्या गावच्या स्की-क्लबात तो पोरांना शिकवतो. चढ संपला की प्रत्येकाचं बोट टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि छोट्या यंत्रात, दमछाकीने लॅक्टिक आम्ल किती साचलं ते बघायचं. आकडा कमी म्हणजे पोर तयार. जास्त म्हणजे पाया कच्चा, आणि त्याला औषध एकच, आणखी पळवा. आमच्याकडे देवावरसुद्धा कुणाचा एवढा विश्वास नाही.

त्याच्या स्वतःच्या मुलीचा, तुवाचा, आकडा क्लबात सगळ्यांत वाईट यायचा. तिची आई लवकर गेली, म्हणून तिला मीच वाढवलं. जिना चढली तरी पोरीचं काळीज धडधडायचं.

"इंगेमार, अरे तिला डॉक्टरला दाखव," मी किती वेळा म्हटलं.

"सिग्ने, तू तुझं सूप ढवळ."

क्लबाच्या झोपडीत ब्लूबेरीच्या गडद जांभळ्या फळांचं गरम सूप करायचं काम माझ्याकडे, त्यामुळे माझी अक्कल पातेल्यापुरतीच, असं त्याचं मत.

जानेवारीत एकदा चढावर तुवा मधेच बसली. इंगेमारने यंत्रात पाहिलं आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "आकडा खोटं बोलत नाही. उन्हाळाभर आळस केलास आणि मला फसवलंस."

पोरं खाली बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून तुवा शाळेआधी एकटीच जंगलातल्या वाटेवर स्की करायला जाऊ लागली. मला तेव्हा भावाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली होती.

मग एका रविवारी लांबचा पल्ला झाला. संध्याकाळी तिला स्वतःचे बूटही काढता येईनात. मी ते ओढून काढत असताना ती हळूच म्हणाली, "आत्या, लघवी काळपट लाल होतेय."

"सूप किती प्यायलीस?" इंगेमारने ते ऐकून जेवता जेवता विचारलं.

"पुष्कळ."

"मग झालं तर!"

लांब शर्यतीनंतर लघवीत ब्लूबेरीचा रंग उतरतो, ही आमच्या क्लबातली जुनी थट्टा. सगळे हसलो. तुवासुद्धा हसली.

दोन दिवसांनी ती अंथरुणातून उठूच शकली नाही. शहरातलं इस्पितळ दोन तासांवर. तिथे तिला रक्त धुण्याच्या यंत्राला जोडलं, आणि आनेली नावाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना बाहेर बसवलं.

"स्नायूंना लागणारी शक्ती साठवून ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "ती क्षणोक्षणी बनवावी लागते. ऑक्सिजन वापरून बनवली तर थोड्या अन्नातून भरपूर मिळते. ते जमलं नाही तर स्नायू घाईघाईने नुसती साखर फोडतात. त्यातून मिळतं जेमतेम, आणि आम्ल साचतं. तुवाच्या स्नायूंना ऑक्सिजन पोचतो, पण वापरता येत नाही. ओल्या लाकडांची चूल समजा. कितीही फुंका, धूरच."

"कधीपासून?" इंगेमारने विचारलं.

"जन्मापासून. आपल्या उत्तरेकडच्या काही घराण्यांत हे आहे. आई-बाप दोन्हीकडून आलं की मुलाला होतं."

"म्हणजे तो आकडा..."

"आकडा बरोबरच होता. तो आजाराचा होता. ती जितकी पळाली तितके स्नायू फुटले. त्यांचाच रंग लघवीत उतरला आणि मूत्रपिंडं बंद पडली. हृदयही स्नायूच असतं. हे दोन दिवस फार धोक्याचे आहेत."

मी आत जाऊन तुवाला सगळं सांगितलं. पोरगी आजार ऐकून रडेल म्हणून मी जीव मुठीत धरला होता, तर तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नव्हतीस गं माझे बाई."

"बाबांना कळलं?"

"कळलं."

"मग ते म्हणत का नाहीत?"

मी तशीच बाहेर आले. इंगेमार कोट चढवत होता.

"कुठे निघालास?"

"क्लबात. आज सराव आहे. पोरांसमोर बोललो होतो, पोरांसमोरच शब्द परत घेणार. इथे चार भिंतींत बोललो तर तिला वाटेल, आजारी आहे म्हणून दया करतोय."

"अरे गाढवा, आधी तिला सांग! दारातून नुसतं ओरडून सांगितलंस तरी चालेल."

"एकदा तरी नीट करू दे मला," तो म्हणाला आणि खाली मान घालून गेला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं, हे मला कळत होतं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

तुवा कित्येक तास वाट बघत राहिली. दार वाजलं की मान वळवायची, नर्स दिसली की परत सरळ करायची. मी सांगितलं, बाबा क्लबात गेलेत, सगळ्यांसमोर सांगणार आहेत. ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तरी पुरे होतं." थोड्या वेळाने तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. माणसं धावली, मला भिंतीशी उभं केलं. आनेलीबाईंनी बराच वेळ प्रयत्न केला आणि मग हात बाजूला घेतले.

मी तिचा गार पडत चाललेला हात धरून बसले होते तेव्हा इंगेमारचा फोन आला. त्याचा आवाज इतका मोकळा मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"सांगितलं, सिग्ने! सगळ्यांसमोर सांगितलं. रडलोसुद्धा. आता गाडीत बसतोय. तिला जागी ठेव हं. आणि तू काही बोलू नकोस, मीच सांगणार."

"रस्त्यावर बर्फ आहे," मी म्हटलं. "सावकाश ये."