स्पीकरवरचं कुंकू

साईनाथरावांनी स्पीकर घेतले! एक लाख दहा हजारांची जोडी, कंबरेइतकी उंच, बदामी लाकडाची. डोंबिवलीतल्या त्यांच्या हॉलमध्ये ती उभी राहिली आणि साईनाथराव समोर सोफ्यावर बसून नुसते हसत होते. अजून वायरसुद्धा जोडली नव्हती.

हे काही सहज झालं नव्हतं बरं का. नौपाड्यातल्या दुकानात हीच जोडी सहा हजारांनी स्वस्त होती, पण तिथे काउंटरमागे पाटीच होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कल्याणचा दुकानदार राजरत्न मात्र सात दिवसांची मुदत देत होता. घरी न्या, ऐका, नाही आवडले तर आणून द्या. साईनाथरावांना नौपाड्याचं दुकान चाललं असतं हो! पण घरी वासंती होती.

"परत घेत असतील तरच आणायचे," तिने नवऱ्याला बजावलं होतं. "सात दिवस मी बघणार. मला नाही पटलं तर मुकाट्याने परत. कबूल?"

"कबूल, कबूल!" साईनाथराव म्हणाले होते. त्या घडीला ते काहीही कबूल करायला तयार होते.

राजरत्नने पावतीवर बोट ठेवून सांगितलं होतं, "काका, खोका जपा. ओरखडा नको, डाग नको. डाग दिसला तर आम्ही परत घेत नाही, आधीच सांगतो."

वायर सोलायला कात्री हवी म्हणून साईनाथराव आत गेले. पाच मिनिटांत येऊन बघतात तर काय! वासंती कुंकवाची वाटी घेऊन उभी, आणि दोन्ही स्पीकरांवर, अगदी दर्शनी, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक.

"नवी वस्तू घरात आली, पूजा नको?" ती म्हणाली आणि नमस्कार करून आत गेली.

साईनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं, तर लाल रंग लाकडात आणखी मुरला. खोबरेल तेल लावलं, डाग दुप्पट झाला. गॅलरीत जाऊन हळू आवाजात राजरत्नला फोन केला.

"समजा, कुंकू लागलं तर?"

"डाग तो डाग, काका."

झालं! आता वासंती नको म्हणाली तर लाखभर रुपये पाण्यात आणि वर दिलेला शब्दही मोडला. तेव्हाच तिला सांगून टाकायचं, पण हिंमत कुठे होती?

आणि आवाज तर असा की विचारू नका! तबल्यावर बोट कुठे पडतंय ते कळत होतं. गाणारी बाई श्वास घेते तोसुद्धा ऐकू येत होता! साईनाथराव ऑफिसातून धावतपळत घरी येत, चपला काढायच्या आधी बटण दाबत. अंगावर काटा यायचा, आणि तेवढ्यात आतून आवाज यायचा.

"जागा फार अडवतात हो."

दुसऱ्या दिवशी, "केर काढताना मध्ये मध्ये येतात."

सहाव्या दिवशी तर कहर झाला. "खोका कुठे ठेवलाय? परत करताना लागेल ना."

सातव्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवता ठेवता विचारलं, "टेम्पोवाल्याला बोलावू का?"

साईनाथराव कोसळलेच. "अगं, नाही जायचे ते परत. तुझ्या कुंकवाचा डाग पडलाय, राजरत्न घेणार नाही. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. घाबरलो गं."

"माहितीये मला," वासंती म्हणाली. "पावती वाचली, आणि मगच कुंकू कालवलं."

"मुद्दाम?"

"मग काय! ठाण्याला दवाखान्यात जायचं म्हटलं तरी तुम्ही वाटेत त्या नौपाड्याच्या दुकानात शिरणार. उभ्या उभ्या ऐकणार, 'छान आहे' म्हणणार आणि रिकाम्या हाताने बाहेर येणार. तीस वर्षं बघतेय मी. एवढ्या हौसेने आणलेली वस्तू परत पाठवू दिली असती होय मी तुम्हाला?"

साईनाथरावांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी आवाज चढवला. "मग सात दिवस माझा जीव का टांगणीला लावलास?"

"मुदतीचे सहा हजार जास्त मोजलेत ना? फुकट घालवायचे होते का?" वासंती हसत येऊन सोफ्याजवळ उभी राहिली. "सरका तिकडे. मधोमध बसलं की सगळ्यात छान ऐकू येतं. तुम्ही ऑफिसला गेलात की रोज मीच बसते तिथे."