पंच्याहत्तर किलोचा जावई

हां, मीच बोलतोय. इकडे तिकडे काय बघताय, पलंगावर बघा. तोंड नाही म्हणून दचकू नका. मिशी आहे. मार्करने काढलीय, उजवी बाजू जरा जास्त झालीय, पण आहे.

मला जावईबापू म्हणतात. कुणाचा जावई ते विचारू नका, माझं लग्न झालेलं नाही. आपत्ती ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं नाव आहे. का ठेवलं? तर म्हणे हा स्वतः काडी हलवत नाही, चौघांनी उचलायचा, चौघांनी ठेवायचा, आणि वर विचारायचं, नीट बसलात ना? छातीवर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलंय. मला कुठलं वाचता येतंय! लोक मोठ्याने वाचतात त्यावरून कळलं, 'नमुना दोन'. नमुना एक म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला आगीच्या सरावात आगीजवळ ठेवला आणि सगळी मंडळी चहाला गेली. असो.

माझा जन्म ऑफिसमागच्या शेडमधला. आग विझवायचा जुना कापडी पाइप असतो ना, त्याचे माझे हातपाय. धड ताडपत्रीचं. आत वाळू आणि चिंध्या. स्टोअरकीपरने दाभणाने शिवला, आणि मग मला रद्दीवाल्याच्या काट्यावर निजवला.

"पंच्याहत्तर," स्टोअरकीपर म्हणाला. "बरोब्बर माझ्या मेव्हण्याएवढा."

"कामालाही तेवढाच असणार," शिट्टीसाहेब म्हणाले.

शिट्टीसाहेब म्हणजे ऑफिसातले सराव शिकवणारे साहेब. गळ्यात शिट्टी, मुठीत सेकंद मोजायचं घड्याळ. घरी जेवतानाही मुठीत असतं, असं त्यांची बायको सांगते.

ऑफिसचं काम तसं साधं. जिल्ह्यात आग लागेल, पाणी चढेल, कुठे गॅस सुटेल, त्याच्या आधी लोकांना तयार करून ठेवायचं. आणि झालंच काही तर सगळ्यांना एकदम कळवायचं. मोबाइलवर मेसेज, गाडीवर कर्णा, घरोघर पत्रक. कोण पलंगावर आहे, कुणाला ऐकू येत नाही, त्याची यादी. आणि वर्षातून एकदा गल्लीगल्लीत सराव. सरावात 'न हलणारा माणूस' लागतो. तो मी.

एक आधीच सांगून ठेवतो. मला काही वाटत नाही. वाटायला जे लागतं ते आत भरलंच नाही, वाळू संपल्यावर चिंध्या भरल्या. पुढचं ऐकताना म्हणाल, हा रडत कसा नाही. म्हणून आत्ताच सांगितलं.

पण खोड्या यायच्या. त्याला काही वाटावं लागत नाही. नवीन माणूस मला खांद्यावर घ्यायला वाकला की माझा हात हळूच त्याच्या मानेवर पडायचा. थंडगार. चांगले दणकट गडी 'आई गं' करायचे. कधी कमरेची शिवण सैल करून वाळूची धार शर्टात सोडायची. एकदा स्टोअरकीपरने मला नव्या कारकुनाच्या खुर्चीत बसवून ठेवला. तो बिचारा दारातूनच म्हणाला, "सॉरी सर," आणि दहा मिनिटं बाहेर उभा राहिला.

तर आता गल्ली.

गोदामामागची गल्ली म्हणतात तिला. पुढे फोमच्या गाद्यांचं मोठं गोदाम, मागे बावीस घरं. गोदामामुळे ऑफिसचं या गल्लीवर फार लक्ष. पत्रकं पहिली इथे, सराव पहिला इथे. लोकही गुणी. मेन स्विच कुठे, गॅस कसा बंद करायचा, ओला फडका नाकाला कसा बांधायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठ.

सरावात मला दरवर्षी ठेवायचे ते कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे. तळमजला, कॅन जायचे म्हणून दार रुंद, मागच्या खोलीत खाट. स्ट्रेचरही त्याच्याचकडे टांगलेलं. शिट्टी वाजली की चौघं धावायचे. दूधवाला, वायरमन, शाळेतल्या कवायतीच्या बाई आणि चौथा जो हाताला लागेल तो. सरळ आत, डावीकडे, मागची खोली, जावई स्ट्रेचरवर, बाहेर. पहिल्या वर्षी नऊ मिनिटं लागली. मग सात. मग चार. शेवटी शेवटी तर बाई डोळे मिटून आल्या असत्या.

सगळ्या जिल्ह्यात ही गल्ली पहिली. फिरती ढाल तीन वर्षं फिरलीच नाही, दूधवाल्याच्या भिंतीवर बसून राहिली.

त्याच्यासमोरच्या घरात, वरच्या मजल्यावर, मावशी राहायची. शिलाईचं काम. मशीन खिडकीशी. आणि मशीनशेजारी पलंगावर काका. काकांचा पूर्वी छापखाना होता. 'घर सोडताना काय घ्याल' हे ऑफिसचं पत्रक त्यांच्याच मशीनवर छापलेलं. मग अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, पण जीभ जागेवर होती.

मला खाली अंगणात टेकवलं की वरून हाक यायची, "काय जावई! पाहुणचार दरवर्षी तिकडेच? आमच्याकडे या एकदा. दोघं मिळून लोळू."

गल्ली हसायची. मीही हसलो असतो.

मावशी हसायची नाही. एका वर्षी ती खाली आली, तोंडात टाचण्या तशाच. त्या काढून पदराला टोचल्या आणि शिट्टीसाहेबांना म्हणाली, "साहेब, याला यंदा आमच्याकडे ठेवा."

"वर?"

"वर. हे असतात त्या खोलीत. आमचा जिना बघितलाय का तुम्ही? मध्येच वळतो. कपाट आणलं तेव्हा खिडकीतून दोरीने चढवावं लागलं."

"मावशी, काकांचं नाव यादीत पहिलं आहे. लाल खूण केलीय मी स्वतः."

"मग यादी उतरवणार का त्यांना?"

"अहो, तसं नाही. वरून उतरवायचं म्हणजे टाइम जातो. यंदा ढालीचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी नक्की."

"मागच्या वर्षी पण हेच म्हणालात."

"आता लेखी देऊ का?" साहेब हसत म्हणाले. माणूस वाईट नाही. गर्दी जमली होती, हातात घड्याळ होतं, शिट्टी तोंडाशी गेली होती. मावशीने टाचण्या परत तोंडात धरल्या आणि वर गेली.

पुढचं वर्ष यायच्या आत गोदाम पेटलं.

दुपारचे चार. मी गाडीत मागे होतो, दुसऱ्या दिवशी शाळेत सराव होता म्हणून. गाडी पुढे कर्णा लावून धावत होती. "गल्ली रिकामी करा. गॅस बंद, स्विच बंद, ओला फडका नाकाला. शाळेच्या मैदानात जमा." सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. आणि काय सांगू, लोकांनी एक गोष्ट चुकवली नाही. रांगेत बाहेर पडले. कुणी परत फिरलं नाही. एकीने तर कुत्र्याच्या नाकालाही फडका बांधला.

मागचा फाळका उघडा होता, मला सगळं दिसत होतं.

चौघं धावले. दूधवाला, वायरमन, बाई आणि न्हावी. स्ट्रेचर काढलं, सरळ आत, डावीकडे, मागची खोली. आणि तिथे थांबले. खाट रिकामी. खिडकीतून मला चौघं दिसले, खाटेच्या चार कोपऱ्यांना उभे, वाकलेले. न्हाव्याने तर खाटेखाली पाहिलं.

"कुणाला घ्यायचंय?" तो म्हणाला.

दोष कुणाला देणार? पाय शिकले तिथे पाय गेले. शिकवताना तिथे पडून होतो तो मीच.

तेवढ्यात वरून मावशीची हाक आली. मग पळाले. स्ट्रेचर घेऊन जिन्यात घुसले ते वळणावर अडकलं. उभं केलं तर माणूस घसरणार. आडवं जात नाही. खाली आणलं, पुन्हा वर नेलं. धूर काळा, फोमचा, तो खाली राहत नाही, वरच्याच मजल्यात जाऊन बसतो. आतून बाईंचा आवाज येत होता, "डोकं कोण धरतंय? अरे डोकं कोण धरतंय?" शेवटी वायरमनने काकांना पाठीवर घेतलं, मावशीने मागून पाय धरले, आणि आले खाली.

शिट्टीसाहेबांनी गाडीतून उतरतानाच सवयीने घड्याळाची कळ दाबली होती. आता ती पुन्हा दाबली. बघितलं. सतरा मिनिटं. त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. ते खिशात जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

काका दवाखान्यात आठ दिवस होते. नवव्या दिवशी गेले.

ऑफिसात कारकुनाने रिपोर्ट वाचून दाखवला. 'गल्ली सहा मिनिटांत रिकामी. नागरिकांचे सहकार्य उत्तम.' काका सोडले तर दोन्ही खरं होतं. शिट्टीसाहेबांनी सही केली नाही. कागद टेबलावर पडून राहिला, त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

पंधरा दिवसांनी मावशी ऑफिसात आली. सगळे उभे राहिले. कुणी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मला तो द्या," ती म्हणाली.

"कोण?"

"जावई."

स्टोअरकीपर चाचरला. "मावशी, सरकारी वस्तू आहे ती. घरी न्यायची म्हणजे... सही लागते."

"मग वही आणा."

तिने सही केली. माझ्या काखेत हात घालून शिट्टीसाहेबांनीच मला उचललं. तो जिना मी पहिल्यांदा चढलो. वळणावर माझं डोकं भिंतीला घासलं, तिथे रंग आधीच खरवडलेला होता. साहेबांनी त्या जागेवर हात ठेवला, पण लगेच काढला, कारण मी घसरायला लागलो होतो. या वेळी खोडी म्हणून नाही.

मावशीने मला पलंगावर निजवला. काकांचा सदरा घातला. खांद्यात बसेना, तर उसवून पट्टी लावली. जाड कापडाची एक झोळी शिवली, सहा मुठींची, वळणातून जाईल एवढी अरुंद. आणि पहिल्या रविवारी खिडकीतून खाली म्हणाली, "चला. या वर."

दूधवाला आला, वायरमन, बाई, न्हावी. पहिल्या दिवशी बारा मिनिटं लागली. न्हाव्याच्या हातातून मी दोनदा सुटलो. तो जिन्यातच बसला आणि रडायला लागला.

"रडायचं ते खाली जाऊन," मावशी म्हणाली. "आता उचल."

दर रविवारी. नऊ मिनिटं. सात. एकदा दूधवाला म्हणाला, "मावशी, आता बास नाही का? आता वर कुणी..." आणि तिथेच थांबला.

"तुझी आई किती वर्षांची?" मावशी म्हणाली.

त्याने माझे पाय उचलले.

ढाल ऑफिसात परत गेली. दूधवाला स्वतः नेऊन देऊन आला. आता सरावाला मी तळमजल्यावर निजत नाही. यादीत ज्याचं नाव त्याच्याच खोलीत, त्याच्याच पलंगावर निजतो. कुठे बाथरूमचं दार आड येतं, कुठे कडीच वर बसवलेली. पत्रकात नवी ओळ आलीय म्हणे, मला वाचता येत नाही. आणि मावशी झोळ्या शिवते, यादीतल्या प्रत्येकाच्या नावाची एक.

मधले दिवस मी इथेच असतो, या पलंगावर. मावशी मशीन चालवते. गोदामाची भिंत काळीच आहे अजून, ती खिडकीतून दिसते. मावशी रडत नाही, मी रडत नाही. आमचं जमतं. परवा मला वर आणून निजवलं, तर तिने माझी मान उशीवर सरळ केली आणि विचारलं, "अवघडली का?" मग हात तसाच राहिला तिचा. थोड्या वेळाने उठली आणि मशीनवर बसली.

मी खोड्या बंद केल्यात म्हणू नका. अजून हात पडतो माझा मानेवर, अजून मी हातातून निसटतो. मावशीच सांगते, "अंग सैल सोडा जावईबापू. खरा माणूस असाच निसटतो. शिकू दे त्यांना."

तर लोकहो, मागणं एकच. तुमच्या घरी जो पलंगावर आहे, त्याला आजच्या आज एकदा उचलून दारापर्यंत आणून बघा. तो शिव्या देईल, देऊ दे. काकांनीही दिल्या असत्या. चांगल्या छापील दिल्या असत्या.

चला, खाली गलका झाला. पलीकडच्या गल्लीचे आलेत, त्यांच्याकडे एक आजी आहे तिसऱ्या मजल्यावर. मला तिच्या पलंगावर निजायला न्यायचंय. ओ भाऊ, पाठीत नका वाकू, गुडघ्यात वाका. बाई, तुम्ही डोकं धरा. डोकं आधी. जाताना जावयाला 'सावकाश या' म्हणायची रीत असते. मला नका म्हणू. भरभर न्या.